दगडाला लावलेला कापूस

सोनाजीमामा गेल्याची बातमी मला अकोल्याच्या कापूसबाजारामागच्या छापखान्यात कळली. मी शाईचे हात चिंधीला पुसत होतो. जैतखेडचा गाडीवान नामदेव बैल सोडून दारात उभा राहिला, आत यावं की नाही याचा जरा विचार केला, आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "भाऊ, तुमचे मामा गेले ना." कुठे गेला, असं मी विचारलं, कारण माझा मामा नेहमी कुठे ना कुठे जातच असे. कुणाच्या बारशाला बोलावलं म्हणून, कुणाच्या बैलाला दृष्ट लागली म्हणून, कुठे चार माणसं गोष्ट ऐकायला मोकळी बसली आहेत असं कळलं म्हणून. नामदेवाने पागोटं काढून हातात घेतलं. "जैतोबाच्या पायापाशी गेले." मी म्हटलं, म्हणजे मेला. "असं काहून बोलता भाऊ? लय मोठा माणूस होता थो..." मी पुन्हा कामाकडे वळलो. त्या वेळी मनात काय आलं ते लपवत नाही. वऱ्हाडातला एक खोटारडा कमी झाला, एवढंच आलं.

या पत्राच्या संपादकांनी मला पुरवणीसाठी चार शब्द लिहायला सांगितलं तेव्हा, मृताविषयी सौम्य लिहावं, अशी सूचनाही केली. सौम्य लिहिणारे पुष्कळ आहेत. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे आणि मरण ही काही विद्वत्तेची पदवी नव्हे, की ती मिळाली म्हणून माणसाला एकदम अहो-जाहो करावं. माझा मामा आयुष्यभर एका दगडाच्या जिवावर मोठा झाला. त्या दगडाला त्याने नाव दिलं, कुळ दिलं, लढाया दिल्या, आणि शेवटी त्याच्यासाठी नवरीही ठरली. ती नवरी म्हणजे मामाची स्वतःची नात, चंद्री. अकरा-बारा वर्षांची आईवेगळी पोर. हे मी विसरलेलो नाही, आणि वाचकांनीही पुढचं वाचताना विसरू नये.

जैतखेड हे बडनेऱ्याहून अकोल्याकडे येणाऱ्या जुन्या गाडीवाटेवरचं गाव. आम्ही माळी. मामाचा मळा वाटेला लागून होता. वांगी, मिरच्या, कांदे आणि कडेने झेंडू. मळ्याच्या बांधाशी एक उभा दगड. त्यावर घोडेस्वार कोरलेला. चेहरा शेंदराखाली कधीच बुजून गेलेला, घोड्याचा एक कान फुटलेला, आणि स्वाराच्या छातीत बोटभर खोल एक खळगा. माझ्या लहानपणी त्याला कुणी सेनापती म्हणत नसे. घोडेवाला म्हणत. एवढंच सांगत की कधीकाळी इथे कुणी स्वार बाण लागून पडला, आणि तो खळगा म्हणजे त्याची जखम. म्हणून वाटेने जाणारा कापसाचा गाडीवान उतरायचा, बोऱ्यातून चिमूटभर कापूस काढून खळग्यात भरायचा आणि पुढे जायचा. घोडेवाल्याची जखम बांधली की गाडीचा आस मोडत नाही, अशी समजूत. मळ्यातल्या घरची बाई रोज सकाळी कालचा भिजला-मळला कापूस काढून टाकायची आणि ताजा बोळा ठेवायची. आधी माझी आजी ठेवायची, मग मामी. मामी आणि मामाची विधवा मुलगी, चंद्रीची आई, दोघी एकाच पटकीत गेल्या, तेव्हापासून चंद्री. मूर्खपणाच म्हणायचा, पण गरिबाचा मूर्खपणा. चिमूटभर कापसाचा.

मग अमेरिकेत लढाई पेटली. त्या गोऱ्यांचं आपसांत काय बिनसलं ते आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतला कापूस एकाएकी गोड लागायला लागला. अमरावतीच्या पेठेत मुंबईचे दलाल उतरले. ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. ज्वारी काढून कापूस पेरला, मिरची काढून कापूस पेरला. माझ्या मामाने झेंडू उपटून कापूस पेरला. आणि भाव जसजसा चढला तसतसा तो घोडेवालाही चढला. पहिल्या हंगामात तो जमादार झाला. पुढच्या हंगामात सरदार. त्याच्या पुढच्या हंगामात सेनापती, आणि त्याला जैतोबा हे नाव मिळालं, ज्यावरून म्हणे गावाचं नाव पडलं. कापसाला भाव आला म्हणून मेलेल्या शिपायाला बढती मिळालेली मी तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आणि काय तो सेनापती! जन्मला तेव्हा मूठ मिटलेली. सुईणीने उघडून पाहिली तर आत सरकी. ती परसात टाकली, तिचं झाड झालं, त्याची बोंडं कधी संपलीच नाहीत. रांगत होता तेव्हा चिखलात रुतलेली भरली गाडी त्याने पाठीने उचलली. जवान झाल्यावर दुष्काळात सैन्याला पाणी मिळेना, म्हणून खडकात भाला मारला आणि झरा फुटला. तो झरा कुठला? तर आमच्या मळ्यातली विहीर! ती विहीर माझ्या आजोबांनी खणली. सुरुंग नाही, मजूर नाही, पहार आणि टोपली घेऊन. त्यात त्यांच्या पाठीला जो बाक आला तो सरणावरही सरळ झाला नाही. बापाची पाठ या मामाने सेनापतीच्या भाल्याला देऊन टाकली. हे ऐकून माझी आई एकदाच म्हणाली, "सोन्या, बाच्या नावाचं तरी पाणी ठेव." मामा हसला. "ताई, बाचं नाव सांगितलं तं कोन थांबते वं? मानसं भाल्यासाठी थांबतेत."

थांबत होतीच. पाटलाच्या ओट्यावर, दलालाच्या तंबूत, अमरावतीच्या पेठेत गाड्या सोडल्या की मामाभोवती कोंडाळं व्हायचं. सेनापतीच्या फौजेला चिलखतं नव्हती, तर त्याने सगळ्यांना कापूस भरलेल्या जाड बंड्या शिवून दिल्या, शत्रूचे बाण त्या बंड्यांत साळिंदराच्या काट्यांसारखे रुतून राहिले आणि आमचे वीर तेच बाण उपसून उलटे मारत सुटले, हे सांगताना मामा स्वतःच्या बंडीतून बाण उपसायचा. एकदा एका मुंबईकर दलालाने विचारलं, हे कोणत्या राजाच्या वेळचं? मामा म्हणाला, "राजे तं लय झाले सायेब. राजाचं नाव सांगतो, पन मंग तुमाले त्याच्या बापाचंही इचारा लागन. रात जाईन त्याच्यात. बान ऐका." आणि दलाल बाणच ऐकत बसला. चिमटीने भरायचा कापूस आता मुठीने, ओंजळीने यायला लागला. खळग्यात मावेना म्हणून मामाने दगडापुढे टोपला ठेवला. टोपल्यातला कापूस संध्याकाळी घरात जाई. जखम तेवढीच होती. मलमपट्टी मात्र गाडीभर होत होती.

मी तोवर अमरावतीच्या शाळेतून सुटून मुंबईला शिळाछापाचं काम शिकून आलो होतो आणि अकोल्याच्या एका लहानशा छापखान्यात लागलो होतो. पहिलं पत्रक काढलं ते मामावरच. मथळा होता, 'दगड कापूस खातो काय?' त्यात मी जैतोबाचा जन्म, पराक्रम आणि मरण एकेक करून सोलून काढलं होतं. मामाला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं. पुढच्या बाजाराला तो मला शोधत छापखान्यात आला. मला वाटलं भांडेल. तो यंत्र पाहत राहिला. शिळेवर उलटी अक्षरं, मी ओल्या कापसाच्या बोळ्याने शिळा पुसतोय, मग शाईचा रूळ फिरवतोय, पुन्हा बोळा, पुन्हा रूळ. बराच वेळ त्याने पाहिलं आणि तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाला, "म्हंजे भाच्या, तूही दगडालेच कापूस लावतं ना!" छापखान्यातली माणसं फिदीफिदी हसली. जाताना त्याने दहा-वीस पत्रकं मागून नेली. ती त्याने जैतोबापुढे ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "पाय, आता तं कागदातबी आला सेनापती." माझ्या निषेधाचा त्याने प्रसाद केला. या माणसाचा राग करायचा नाही तर कोणाचा करायचा?

पण हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर हळदीची गोष्ट निघाली नसती. एका वर्षी मामाने सेनापतीच्या मरणात भर घातली. लढाई लागली तेव्हा जैतोबाच्या अंगाला हळद लागलेली होती. लग्न उद्यावर, आणि शत्रू वेशीवर. नवरी त्याची बंडी शिवून देणार होती, ती शिवण अर्धीच राहिली, आणि बाण नेमका त्या उसवलेल्या जागी शिरला. मेल्यावरही तो घोड्यावर ताठ बसून होता, म्हणून शत्रू जवळ यायला धजेना... बायका पदर डोळ्याला लावायच्या. मामाला ते रडणं फार आवडलं. त्याने हळद आणखी पिवळी केली. आणि जैतखेडच्या पाटलाने ती गोष्ट मनावर घेतली. हा पाटील त्या तीन-चार हंगामांत असा फुगला होता की त्याच्या जोड्यांनासुद्धा त्याचं वजन पेलत नव्हतं. तो चावडीवर सर्वांसमक्ष नवस बोलला. येणाऱ्या हंगामात कापसाचा भाव असाच राहिला, तर सेनापतीचं अडलेलं लग्न मी लावून देईन. सेनापतीच्या तलवारीशी, त्याच्या खांड्याशी, मुलीचा हात जोडीन. भाव राहिला. पाटलाला तीन मुली होत्या. पण नवस बोलणारा स्वतःची मुलगी देत नसतो. "जैतोबाच्या पुजाऱ्याच्या घरची पोरगी असतां दुसरीकडं काहून पाहावं?" असं पाटील म्हणाला, आणि माझा मामा, हा बोलघेवडा, शब्दांचा सावकार, मान खाली घालून "बरं" म्हणाला.

खांड्याशी लग्न लागलेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे मी सुसंस्कृत वाचकांसाठी आडपडद्याने लिहिणार नाही. तिला दुसरं लग्न नाही, घर नाही. ती देवाची, आणि देव दगडाचा असल्यामुळे त्याच्या वतीने गावातले बलदंड तिच्यावर मालकी सांगतात. लेकरं झाली तर ती बिनबापाची. चंद्रीला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण गावात वाढलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. बातमी कळताच मी गाडी करून जैतखेडला गेलो. चंद्री मळ्यात वांगी तोडत होती. मला ती भाऊमामा म्हणे, आजोबाला आबाजी. मी विचारलं, तुला ठाऊक आहे काय ठरलंय? ती टोपलीतून मान वर न करता म्हणाली, "मले दगडासंगं लगन नाई करायचं. दगड काय वांगे तोडू लागन मले?" मग थोड्या वेळाने, हात तसेच चालू ठेवून... "पाटलाच्या पोरी मले आताच हसून राहिल्या. तू आबाजीले सांगतं का?"

सांगितलं. घरात जाऊन असं सांगितलं की शेजारचे बांधावर जमले. मी म्हटलं, तुमी त्या दगडाला तोंड दिलंत, हात दिलेत, आता नात देता? मामा भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. "पाटलाले नाई कसं म्हनू? मळा त्याच्या पान्यावर नाई, पन वाट तं त्याच्या गावातून जाते." मी म्हटलं, मग सांगा गावाला की हळद खोटी आहे, सेनापती खोटा आहे, सगळं तुमी रचलंत. त्याने अडकित्ता खाली ठेवला. "भाच्या, मी आता खोटं हाय म्हनलं तं कोन मानन? म्हनतीन, पोट्टी वाचवाले खोटं बोलून राहिला बुढा." या एका वाक्यात त्याचा सगळा जन्म होता. खरं बोलायची सोयच त्याने स्वतःला ठेवली नव्हती. मी थुंकून बाहेर पडलो.

मग मी माझ्या मार्गाने गेलो. अमरावतीच्या कचेरीत अर्ज घेऊन उभा राहिलो. शिरस्तेदाराने अर्ज वाचला, परत दिला आणि म्हणाला, सरकार धर्माच्या कामात हात घालत नाही. मुलीच्या पालकाची तक्रार आहे काय? नव्हती. पत्रक काढलं, 'खांड्याची सोयरीक की पाटलाची सोय?' माझ्या हातून आजवर निघालेलं सगळ्यात धारदार पत्रक. पेठेत वाटलं. संध्याकाळी पाहिलं तर फुटाणेवाला त्याच्या पुड्या बांधून राहिला होता, आणि एका पुडीवर 'हे अधमांनो' एवढेच शब्द वर दिसत होते. ज्यांनी वाचलं त्यांनी शाबासकी दिली. जैतखेडला एकही आला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा दगडापुढे मांडव होता. कापसाच्या झेल्यांची तोरणं, पाटलाची हौस. डफ, सनई, अकोल्याहून आणवलेला जोशी, पाटावर शेंदूर लावलेला खांडा, आणि त्याच्यासमोर पिवळ्या लुगड्यात गुंडाळलेली चंद्री. लुगडं तिला मोठं होत होतं, ती ते एका हाताने सारखी वर धरत होती. अंतरपाट धरण्याआधी सेनापतीची गोष्ट व्हायची होती. पाटलाने मुद्दाम तसं ठरवलं होतं. मामा उठला. नवं पागोटं. मी मागे उभा राहून दातओठ खात होतो. त्याने सरकीपासून सुरुवात केली. गाडी उचलली, भाला मारला, बंड्या शिवल्या, बाण उपसले. लोक माना डोलावत होते. हळद आली. बायकांनी पदर घेतले. आणि तिथे मामा थांबला... एवढा वेळ थांबला की डफवाल्याला वाटलं गोष्ट संपली. त्याने थाप मारली. मामाने हात वर केला.

"ही गोठ आजलोक मी अर्धीच सांगत होतो," तो म्हणाला. "हळद लागली होती, खरं हाय. पन शत्रू आला तवा नवरी कुठं गेली? पळाली. सोयरे पळाले, वाजंत्री पळाले. जैतोबा घोड्यावर, छातीत बान, अन् रगत थांबत नाई. एक जन थांबली. कोन? पाठची बहीन. बाजूच्या वावरात बोंडं फुटले होते. तिनं मूठभर कापूस तोडला अन् जखमेत कोंबला. म्हने, दादा, मी हाव. तवा जैतोबानं शब्द देल्ला, का जिच्या हातचा कापूस माया जखमेत राहीन, थे माही बहीन. आज, उद्या, केव्हाबी." मग तो दगडाकडे वळला आणि खळग्यातला त्या सकाळचा बोळा दोन बोटांनी काढून सगळ्यांना दाखवला. "हा बोळा आज कोनं ठेवला? चंद्रीनं. काल कोनं? चंद्रीनं. तिच्या आधी तिच्या आजीनं. सारं गाव पाह्यते. आता लावा पाटील, भावासंगं बहिनीचं लगन. मी आडवा येत नाई. जोशीबुवा, म्हना मंगलाष्टकं. पाप ज्याचं त्यानं घ्यावं, म्या सांगायचं सांगतलं."

जोशाच्या हातातून अंतरपाट सुटला. मी तोंडावर हात धरणाऱ्या बायका पाहिल्या, आणि पाटलाचा चेहराही. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "सोनाजी, हे आधी काहून नाई सांगतलं?" मामा म्हणाला, "तुमी हळदीपाशी रडाले लागत ना पाटील. पुढं ऐकतच नव्हता." कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात पाटलाचा नवस मेला. "मंग माया नवसाचं काय?" "फेडा ना. सेनापतीच्या बहिनीले लुगडं-चोळी करा. हे तिले लांब होते." त्याच मांडवात, त्याच जोशापुढे, पाटलिणीने चंद्रीची ओटी भरली. जिला दगडाची बायको करायला आणली होती तिला दगडाची बहीण करून घरी धाडली. चंद्री पिवळं लुगडं गोळा करून मळ्याकडे पळाली. मागे वळूनही पाहिलं नाही.

वाचक म्हणतील, मग मामाला आता तरी धन्यवाद द्या. का द्यावे? ज्याने घराला आग लावली त्याने एक घागर ओतली म्हणून? आणि ओतलं तरी काय? आणखी एक खोटं. त्या दिवाळीपासून जैतखेडच्या बायका भाऊबीजेला दगडाला ओवाळायला लागल्या. ज्यांना भाऊ नाही त्या लांबून येऊ लागल्या. मी नवा जैतोबा पाहत होतो, आधीच्यापेक्षा मजबूत, कारण आता त्याला बायकांचा पाठिंबा होता. मी मामाला एकदा एकटा गाठून विचारलं, मामा, एक तरी खरं सांगा, ती बहीण कुठून आणली? तो विहिरीच्या काठावर बसला होता. म्हणाला, "जागा रिकामी होती भाच्या. कोनी तं ठेवाच लागत होतं." आणि तो दगड खरोखर कुणाचा? "मले काय मालूम? दगड हाय थो."

पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि इकडचा कापूस पुन्हा कापूस झाला. शिंगांच्या शेंब्या निघाल्या. त्याच सुमारास आगगाडी आली. बडनेऱ्याला, मूर्तिजापूरला कापसाचे दोकडे, ते मोठाले गठ्ठे, थेट डब्यात चढायला लागले आणि जुनी गाडीवाट गवताखाली गेली. सेनापतीकडे यायला कुणी उरलं नाही. चंद्रीचं लग्न मूर्तिजापूरच्या एका माळ्याच्या पोराशी झालं. ते फार लवकर झालं याविषयी माझं मत वेगळ्या पत्रकात छापलेलं आहे, पण नवरा हाडामांसाचा आहे आणि वांगी तोडतो, एवढं खरं. शेवटचं मी मामाला पाहिलं तेव्हा तो खोकत होता. सुपारी सुटली होती, जीभ नव्हती सुटली. घरात त्याची गादी उसवलेली दिसली, निम्मी पोकळ. मी विचारलं, हे काय? तो ओशाळला नाही, तो कधीच ओशाळला नाही. "सकाळी थो खळगा रिकामा बरा नाई दिसत. गाड्या येत नाईत म्हून काय थ्याची जखम बुजली?" पाहा हा माणूस. स्वतः रचलेल्या गोष्टीसाठी स्वतःची गादी फोडत होता. खोटारड्याने निदान आपल्या खोट्याच्या वर तरी राहावं. तेवढीही अक्कल त्याच्यात नव्हती.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी जैतखेडला गेलो. माझ्या थैलीत एक लेख तयार होता, 'जैतोबाला बहीण नव्हती.' मनात होतं की आता त्याची भीडही उरली नाही, समूळ उपटून टाकू. दगडापाशी चंद्री होती, माहेरचं घर आवरायला आलेली. तिने काळा पडलेला बोळा काढला आणि पदराच्या टोकातून थोडा कापूस काढून खळग्यात बसवला. मी चिडून म्हटलं, तुला तरी ठाऊक आहे ना हे सगळं खोटं आहे? "हाव," ती म्हणाली. "आबाजीनं रचलं. मांडवात त्याचे पाय लटलट कापत होते, मले खालून दिसत होते." मग काहून करतेस? तिने हात झटकले. "पाटलाचा पोरगा गाव पाह्यते आता. कपाशीले पुन्हा भाव आला तर त्याच्या डोक्यातबी खांडा येईन. हा बोळा इथं दिसला पायजे, भाऊमामा. गावात पोरी आहेत."

मी अकोल्याला परतलो. तो लेख मी शिळेवर उतरवला होताच. उलट्या अक्षरांत, सुंदर वळणाचा, एक चूक नाही. यंत्रावर चढवायचा बाकी होता. मी वाळू घेतली आणि शिळा कोरी होईपर्यंत घासली. छापखान्यातल्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, दगड खराब निघाला.

आणि आता एक गोष्ट वाचकांना सांगितली पाहिजे. जैतखेड या नावाचं गाव शोधायला कुणी जाऊ नये. गाडीवाटेवर त्या नावाचं गाव नाही. सेनापतीचं नाव जैतोबा नव्हतं, मामाचं सोनाजी नव्हतं आणि त्या पोरीचं चंद्री नव्हतं. ही नावं मी ठेवली. असत्यावर कोरडे ओढत आलेल्या माझ्या हातून छापून गेलेलं हे पहिलंच खोटं, आणि त्याचंही पाप मी सोनाजीमामाच्याच नावावर टाकतो. त्याला सवय आहे. हा लेख लिहून झाला. आता तो शिळेवर जाईल. मी बोळा पाण्यात बुडवीन, पिळीन, दगडावर फिरवीन, आणि दाराशी कुणीतरी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत उभं आहे असं मला रोजच्यासारखं वाटेल... हसू दे मेल्याला.